मीटिंगच्या दारातून परत आलो, आता काय करावे?

आपण लिहिलेल्या गोष्टी मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. आपले वय ४२ आहे. बऱ्याच वर्षांच्या पिण्यानंतर आपण रुग्णालयात दाखल होऊन दारू थांबवली आणि घरी येऊन आता १९ दिवस झाले आहेत. निघताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ‘आधारगटाच्या मीटिंगला जात जा’, म्हणजे दारू सोडू पाहणारी माणसे एकमेकांना आधार देण्यासाठी जमतात तिथे जात जा, असे सांगितले; पण कोणत्या मीटिंगला, कुठे आणि किती दिवस, हे सांगितले नाही. आपण स्वतः एक पत्ता शोधलात, तिथे गेलात, जिना चढून बंद दारापर्यंत पोचलात, आतले बोलणे ऐकलेत आणि परत फिरलात. ओळखीचे कोणी भेटले तर काय, देव मानत नसताना तिथे बसता येईल का, गोळ्या बंद करायला कोणी सांगेल का आणि हे जन्मभर करावे लागेल का, अशा चार शंका आपल्या मनात आहेत. पत्नीला सोबत यायचे आहे, तेही चालते का, असे आपण शेवटी विचारले आहे.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. या काळात दारातून परत फिरलेली इतकी माणसे मला भेटली आहेत की त्या परत फिरण्याला मी अपयश मानत नाही. पुढे वर्षानुवर्षे सोबर, म्हणजे दारूपासून दूर, राहिलेल्यांपैकी कित्येकांनी मला सांगितले आहे की पहिल्या वेळी ते जिन्यातूनच परतले होते.

मीटिंगविषयी बोलण्याआधी एक वैद्यकीय गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हे उत्तर आजही रोज पिणारी माणसे वाचत असतील. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली, तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि २ ते ४ दिवसांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स नावाची अवस्था येऊ शकते. त्या अवस्थेत माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागतात, अंगात ताप चढतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडायचा असतो. कोणतीही मीटिंग त्याची जागा घेऊ शकत नाही. आपला तो टप्पा मागे पडला आहे. मात्र पुढे कधी सलग काही दिवस पिणे झालेच, तर पुन्हा थांबवताना आधी डॉक्टरांकडे जावे आणि त्यानंतर मीटिंगला जावे.

आता मूळ मुद्दा. लोक मला विचारतात की चांगली मीटिंग कशी ओळखावी, आणि त्यांच्या मनात बहुधा तिथली भाषणे, वाचन, शिस्त अशा गोष्टी असतात. माझे मत वेगळे आहे. मीटिंगचा तास-दीड तास महत्त्वाचा असतोच, पण ती सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटे आणि संपल्यानंतरची पंधरा मिनिटे यांचा उपयोग मी त्याहून अधिक झालेला पाहिला आहे. खुर्च्या लावताना, चहाचे पेले उचलताना, फाटकाशी उभे राहून बोलताना माणसे एकमेकांची होतात. जो बरोबर ठोक्याला येऊन मागच्या रांगेत बसतो आणि शेवटचा शब्द संपताच निघून जातो, तो वर्षभर आला तरी तिथे परकाच राहतो. आणि ज्या रात्री तलफ अनावर होते त्या रात्री फोन कोणाला करावा, हे त्याला सुचत नाही. म्हणून आपण जी जागा शोधायची आहे, ती दोन-तीन माणसे आपल्याला नावाने ओळखू लागतील आणि आपण आलो नाही तर ज्यांच्या ते लक्षात येईल, अशी असावी.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे एए म्हणतात, त्याची सुरुवातही अशाच गरजेतून झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातला माणूस अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी कामासाठी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला होता, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधले आवाज तर दुसऱ्या बाजूला फोन, अशा स्थितीत तो उभा होता. त्याने फोन उचलला आणि चर्चच्या यादीतल्या एका धर्मगुरूला फोन करून आपल्याला भेटता येईल असा एखादा मद्यपी ओळखीत आहे का, असे विचारले. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. केवळ पंधरा मिनिटे थांबायचे ठरवून आलेले डॉ. बॉब त्याच्याशी काही तास बोलत राहिले. डॉ. बॉब यांनी शेवटचे मद्य १० जून १९३५ रोजी घेतले आणि तोच दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. विल्सन त्या संध्याकाळी उपदेश करणारा माणूस शोधत नव्हता. आपल्यासारखाच एक जण त्याला हवा होता. आपणही शोध घेताना हेच मनात धरावे.

प्रत्यक्ष शोधाचे मार्ग फार नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला मार्ग म्हणजे ज्या रुग्णालयात आपण दाखल होता तेथील मानसोपचार विभागातील समाजसेवक किंवा परिचारिका. कोणत्या गटात नवीन माणसाकडे लक्ष दिले जाते आणि कोणता गट केवळ यादीत उरला आहे, हे त्यांना ठाऊक असते, कारण त्यांनी पाठवलेले रुग्ण परत येऊन त्यांना सांगतात. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या देशातील एएचे अधिकृत संकेतस्थळ आणि तेथे दिलेला दूरध्वनी क्रमांक. हा फोन बहुतेक ठिकाणी सदस्यच आळीपाळीने घेतात, म्हणजे पलीकडे बोलणारा माणूस स्वतः या वाटेने गेलेला असतो. एएचे ‘मीटिंग गाइड’ नावाचे मोफत ॲपही आहे. ज्या भागातील गटांनी आपली माहिती त्यात दिली आहे तेथे जवळची मीटिंग त्यात दिसते.

शोध घेताना एका फसगतीपासून सावध राहावे. इंटरनेटवर दारूमुक्तीची मदत शोधली की अनेकदा सर्वांत वर खासगी केंद्रांच्या जाहिराती येतात आणि त्यांतील काहींची मांडणी आधारगटाच्या मदत-क्रमांकासारखी केलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. आधारगटाला आपले पूर्ण नाव, विमा, पगार यांपैकी काहीही नको असते; तो दाखल होण्याचा आग्रह धरत नाही आणि पैसे मागत नाही. फोनवर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला यांपैकी काही विचारले गेले, तर आपण भलत्या ठिकाणी फोन केला आहे असे समजावे.

पत्ता मिळाला तरी तो जुना असू शकतो, कारण हे गट शाळा, प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा ठिकाणच्या भाड्याच्या खोल्यांत भरतात आणि खोली बदलली की यादी सुधारायला वेळ लागतो. जागा ज्या संस्थेची, तिचा गटाशी भाडेकरूपलीकडे संबंध नसतो. त्यामुळे एखाद्या धर्मस्थळाच्या आवारात मीटिंग आहे म्हणून ती त्या धर्माची ठरत नाही. जाण्याआधी एकदा फोन करावा आणि प्रवेश कोणत्या बाजूने आहे, मीटिंग कोणत्या भाषेत चालते, ती खुली आहे की बंद आणि नवीन माणसाला कोणी आधी भेटेल का, हे विचारावे. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

खुली आणि बंद हे शब्द ऐकून लोक गोंधळतात. बंद मीटिंग म्हणजे ज्यांना स्वतःचे पिणे थांबवायचे आहे अशांसाठीची मीटिंग, आणि तिला आपण जाऊ शकता, कारण एएच्या तिसऱ्या परंपरेनुसार (परंपरा म्हणजे गटांनी पाळायची तत्त्वे) सदस्यत्वासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, समुपदेशक असे कोणीही येऊन बसू शकते. मी स्वतः मद्यपी नसल्याने मला खुल्या मीटिंगलाच जाता येते. काही मीटिंगांत एकच वक्ता आपली कहाणी सविस्तर सांगतो, काहींत एखादा विषय घेऊन सगळे थोडे थोडे बोलतात, काहींत एएच्या बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूशिवाय जगायला शिकण्याच्या बारा टप्प्यांपैकी, एकीचा अभ्यास होतो, आणि काही ठिकाणी खास नवागतांची किंवा केवळ स्त्रियांची मीटिंग असते. पहिल्या खेपेला वक्त्याची मीटिंग मिळाली तर उत्तम, कारण तिथे ऐकण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही.

निवड करताना प्रकारापेक्षा घड्याळाकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे. आपण सर्वसाधारणपणे कोणत्या वेळी पीत होता, हे स्वतःला विचारा. कामावरून सुटल्यापासून जेवणापर्यंतचे तीन तास हीच बहुतेकांची घातवेळ असते, आणि नेमकी तीच वेळ मीटिंगने भरली तर तिचा दुप्पट उपयोग होतो. दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. दूरच्या नावाजलेल्या गटापेक्षा पाऊस असताना, थकवा असताना आणि मन नको म्हणत असतानाही जिथे जाणे होईल असा जवळचा गट बरा. ओळखीच्या भीतीने लोक मुद्दाम दूरचा गट निवडतात. दोन-चार आठवडे जातात आणि मग अंतराचेच निमित्त होऊन जाणे सुटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आत काय होते ते आता सांगते, कारण बंद दारामागे काय चालले आहे हे माहीत नसणे हाच भीतीचा मोठा भाग असतो. मीटिंग बहुधा ६० ते ९० मिनिटांची असते. चेअरपर्सन म्हणजे त्या दिवशी मीटिंग चालवणारा सदस्य. तो अधिकारी नसतो आणि उद्या त्याच खुर्चीत दुसरा बसतो. सुरुवातीला काही वाचन होते, मग नवीन कोणी आले आहे का असे विचारले जाते. आपल्याला वाटले तर हात वर करून केवळ पहिले नाव सांगावे, वाटले नाही तर गप्प बसावे. ‘मी मद्यपी आहे’ हे वाक्य उच्चारण्याची सक्ती कोणी करत नाही. त्यानंतर शेअरिंग, म्हणजे एकेकाने आपला अनुभव सांगणे, सुरू होते. आपली पाळी आली आणि बोलायचे नसले तर ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी पुरते, आणि त्यावर कोणी कारण विचारत नाही. एक गोष्ट नवीन माणसाला फार खटकते, म्हणून आधीच सांगून ठेवते. एएच्या बहुतेक मीटिंगांत कोणी कितीही दुःखाचे बोलले तरी त्यावर कोणी उत्तर देत नाही, सल्ला देत नाही, मध्ये बोलत नाही. ‘धन्यवाद’ म्हटले जाते आणि पुढचा माणूस बोलू लागतो. पहिल्या दिवशी हे कोरडेपणाचे वाटते. ज्यांना वर्षानुवर्षे घरी आणि कामावर केवळ सल्ले आणि बोलणी ऐकावी लागली आहेत, त्यांना याच न अडवता ऐकले जाण्याची किंमत पुढे कळते.

मध्येच एक टोपली किंवा डबा फिरतो. सातव्या परंपरेनुसार गट आपला खर्च सदस्यांच्या ऐच्छिक देणगीतूनच भागवतो आणि बाहेरची देणगी घेत नाही. नवागताने काहीही टाकले नाही तरी चालते. काही गटांत १ दिवस, ३० दिवस, ९० दिवस अशा टप्प्यांसाठी लहानसे नाणे देतात. ते घेण्यासाठी पुढे जाण्याचा संकोच वाटला, तर पहिल्या खेपेला जाऊ नये. पण ज्याने ते घेतले त्याच्या चेहऱ्याकडे जरूर पाहावे.

आता आपल्या शंका. ओळखीचे कोणी भेटले तर तोही त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो, ही गोष्ट सगळेच सांगतात आणि ती खरी आहे. तरीही प्रामाणिकपणे एक मर्यादा सांगणे माझे काम आहे. तिथली अनामिकता ही परस्परांनी पाळायची परंपरा आहे. डॉक्टर किंवा वकील यांच्यावर जे गोपनीयतेचे बंधन असते तसे बंधन खोलीत बसलेल्या माणसांवर नसते. बहुतेक सदस्य ती परंपरा जीवापाड जपतात, कारण त्यांचीही गुपिते इतरांच्या हाती असतात. पण चालू न्यायालयीन खटला, एखादा गुन्हा किंवा दुसऱ्या व्यक्तीची खासगी गोष्ट असे विषय भर मीटिंगमध्ये काढू नयेत. ते समुपदेशकाजवळ किंवा वकिलाजवळ बोलावेत. न्यायालयाने किंवा कार्यालयाने हजेरीचा पुरावा मागितला असेल, तर चेअरपर्सनला मीटिंगआधी विचारावे. काही गट सही देतात, काही देत नाहीत.

देवाविषयी. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्यातच ‘आम्हाला जसा उमगला तसा’ हा भावही आहे, आणि अनेक सदस्य तिथे देवाच्या जागी आपला गट, निसर्ग किंवा केवळ स्वतःहून मोठे असे काही मानून चालतात. नास्तिक आणि अज्ञेयवादी सदस्यांचे स्वतंत्र एए गटही आहेत. शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी मौन पाळले तर कोणी हरकत घेत नाही. एवढे करूनही मन रमत नसेल, तर स्वतःला दोष देत बसू नये. दुसऱ्या पद्धतीचे गट आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले स्मार्ट रिकव्हरी हे विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर आधारलेले आहे. तिथे प्रशिक्षित व्यक्ती मीटिंग चालवते, सदस्य एकमेकांशी थेट चर्चा करतात, तलफ कशी टाळावी याचे सराव होतात आणि स्पॉन्सर, म्हणजे नवीन माणसाला सोबत करणारा जुना सदस्य, नसतो. ज्यांना प्रश्नाला उत्तर मिळाल्यावाचून चैन पडत नाही, अशा माणसांना ही पद्धत मानवते, असे माझे निरीक्षण आहे. अडचण एवढीच की कित्येक ठिकाणी तिचे गट विरळ आहेत आणि ऑनलाइन मीटिंगवरच भिस्त ठेवावी लागते.

गोळ्यांच्या बाबतीत मी अगदी ठाम आहे. नॅलट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारू सोडण्यासाठी दिली जाणारी औषधे किंवा नैराश्यावरची औषधे यांपैकी आपल्याला जे काही लिहून दिले असेल, ते घेणे आणि मीटिंगला जाणे या दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात. एएच्या स्वतःच्या पुस्तिकेत कोणत्याही सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. असे असूनही एखादा जुना सदस्य ‘गोळी घेतो म्हणजे तू अजून सोबर नाहीस’ असे म्हणू शकतो. तो त्याचे वैयक्तिक मत बोलत असतो. नमस्कार करून बाजूला व्हावे आणि औषधाचा प्रत्येक बदल केवळ आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा. एका गृहस्थाने अशाच सल्ल्यावरून नैराश्याची गोळी परस्पर बंद केली आणि पुढचे दोन महिने त्यांच्या कुटुंबाने जे सोसले ते मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे या मुद्द्यावर मला सौम्य बोलता येत नाही.

याच ओघात आणखी काही सावधगिरी. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर सोबत करणारा जुना सदस्य. तो पहिल्याच आठवड्यात ठरवण्याची घाई नको. कोणाचे बोलणे आपल्याला आपले वाटते, हे चार-सहा मीटिंगांत ऐकावे आणि मग विचारावे. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री स्पॉन्सर घ्यावा असा संकेत आहे, आणि तो शहाणपणाचा आहे, कारण नुकत्याच थांबलेल्या माणसाचे मन हळवे असते आणि त्याचा गैरफायदा घेणारी एखादी व्यक्ती कुठल्याही समूहात असू शकते. स्पॉन्सरला पैसे द्यायचे नसतात, त्याच्याकडून उसने घ्यायचे नसतात आणि त्याने आपल्या नोकरीचे, लग्नाचे निर्णय घ्यायचे नसतात. एखाद्या गटात अवघडल्यासारखे, असुरक्षित वाटले, तर तो गट सोडून दुसरा धरावा. मीटिंगला जाणे मात्र सोडू नये.

किती मीटिंगा आणि किती दिवस? ९० दिवसांत ९० मीटिंगा ही सदस्यांमध्ये रूढ झालेली सूचना आहे. ज्यांना नोकरी आणि लहान मुले सांभाळून ते जमते त्यांनी अवश्य करावे. ज्यांना जमत नाही, त्यांना मी असे सांगते की पहिल्या तीन आठवड्यांत किमान सहा मीटिंगा कराव्यात, त्या निदान दोन वेगवेगळ्या गटांच्या असाव्यात, आणि त्यानंतरच हे आपल्यासाठी आहे की नाही याचे मत बनवावे. पहिल्या मीटिंगवरून गटाविषयी मत बनवणाऱ्याला बहुधा त्या दिवशीची आपली धडधड तेवढी आठवत असते.

याचा उपयोग होतो का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. उपचारकांनी पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलेल्या रुग्णांपैकी वर्षअखेर पूर्णपणे दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर इतर मानसोपचार घेतलेल्यांत ते सुमारे ३५ टक्के आढळले. हा फरक चमत्काराइतका मोठा नाही. पण फी नसलेल्या, सल्लागाराच्या वेळेवर न अडणाऱ्या मदतीसाठी तो लक्षणीय आहे. ‘पद्धतशीरपणे जोडून दिलेल्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. केवळ ‘जात जा’ असे सांगणे आणि रुग्णासमोर सदस्याला फोन लावून देणे, यांत मोठे अंतर आहे, आणि आपल्या बाबतीत हे दुसरे काम झाले नाही याची मला खंत वाटते. एए नेमके कशामुळे उपयोगी पडते याचा शोध घेणाऱ्या संशोधकांनाही माणसाचे मैत्रीचे वर्तुळ बदलणे हे एक प्रमुख कारण आढळले आहे. पिणाऱ्या मित्रांची जागा न पिणाऱ्या मित्रांनी घेतली की संध्याकाळ वेगळी जाते.

जन्मभर जावे लागेल का, याचे उत्तर आज देण्याची गरज नाही. काहींना मीटिंग पंचवीस वर्षांनंतरही हवी असते, काही जण दोन-तीन वर्षांनी कमी करतात आणि संकटाच्या काळात परत येतात. पहिल्या वर्षात मात्र जाणे सोडू नये, असे मी सर्वांना सांगते.

ऑनलाइन मीटिंगबद्दल थोडक्यात. २०२० नंतर त्या मोठ्या संख्येने सुरू झाल्या आणि आता जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, दिवसाच्या जवळपास कोणत्याही वेळी एखादी मीटिंग सापडते. कॅमेरा बंद ठेवून, केवळ पहिले नाव लिहून बसता येते. रात्री दोन वाजता तलफ आली तर हा मोठाच आधार आहे. आपल्यासाठी मी तिचा वापर जिन्याची पायरी म्हणून सुचवेन. या आठवड्यात एक-दोन ऑनलाइन मीटिंगा ऐकाव्यात, म्हणजे तिथली भाषा आणि क्रम कानांवरून जाईल आणि प्रत्यक्ष खोली अनोळखी वाटणार नाही. तेवढ्यावरच थांबू नये, कारण मघाशी सांगितलेली ती आधीची आणि नंतरची पंधरा मिनिटे पडद्यावर क्वचितच मिळतात.

आपल्या पत्नी खुल्या मीटिंगला आपल्यासोबत येऊ शकतात. तरी पहिली मीटिंग आपण त्यांच्याशिवाय करावी, असे मी सुचवते. त्या शेजारी असतील तर आपण बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहाल. त्यांच्यासाठी अल-ॲनॉन हे वेगळे गट आहेत, जे मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये सुरू झाले. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत. इतकी वर्षे बाटल्या शोधण्यात, वास घेण्यात आणि लोकांना खोटी कारणे सांगण्यात गेलेले त्यांचे स्वतःचे आयुष्य त्यांच्या हाती परत यावे, यासाठी ते गट असतात. आपण पुढे सोबर राहा किंवा न राहा, त्यांना त्याची गरज आहे, आणि हे त्यांना आपणच सांगितले तर त्यांना फार बरे वाटेल.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा पिणे झाले, तर काय, हे आपण विचारले नाही. बहुधा विचारायला भीती वाटली असावी. अशा वेळी लोक मोजलेले दिवस शून्यावर आले या लाजेने मीटिंगला जाणे टाळतात, आणि माझ्या अनुभवात घोट घेण्यापेक्षा हे टाळणे अधिक नुकसान करते. त्या खोलीतील जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी शून्यापासून मोजायला सुरुवात केलेली असते. त्या दिवशी पिऊन गेलात तरी शांत बसण्याची परवानगी बहुतेक गटांत मिळते. गाडी मात्र स्वतः चालवू नये. आणि सलग पिणे झाले असेल तर सुरुवातीला सांगितलेली वैद्यकीय खबरदारी पाळावी.

आता त्या दाराकडे परत येते. आपण मागच्या खेपेला एकटे गेलात आणि मीटिंग सुरू झाल्यानंतर पोचलात. बंद दार उघडून सगळ्यांच्या नजरा झेलत आत शिरणे धीट माणसालाही जड जाते. या खेपेस मीटिंगच्या आदल्या दिवशी त्या गटाच्या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्याला जे मला लिहिता आले तेच त्यांना सांगावे: ‘मी मागे एकदा जिन्यापर्यंत आलो होतो आणि परत गेलो. उद्या वीस मिनिटे आधी येतो. कोणी खाली येऊन मला भेटेल का?’ मी आजवर ज्यांना ज्यांना हा फोन करायला लावला, त्यांच्यासाठी कोणी ना कोणी खाली आले आहे. आपण कोणत्या रंगाचा सदरा घालून येणार आहात, तेही सांगून ठेवावे.